कुमारवयाचा आवाज : श्याम, लंपन आणि मुकुंद

१

मराठी कथावाङ्मयात बालपणाचे चित्रण विपुल आहे आणि तारुण्याचे त्याहूनही विपुल आहे. या दोहोंच्या मधली जी तीनचार वर्षे, ती मात्र वाङ्मयात बहुधा वाटेवरच्या मुक्कामासारखी येतात आणि जातात. बारा ते पंधरा वर्षांचे मूल घरात जसे अडचणीचे वाटते तसेच ते कथेतही अडचणीचे वाटते. त्याच्या बोबड्या बोलांचे कौतुक संपलेले असते आणि त्याच्या मतांना किंमत द्यावी असे त्याचे वय झालेले नसते. रवींद्रनाथांनी १८९२ साली ‘छुटि’ या कथेत या वयाची ही विचित्र बेघर अवस्था फार स्पष्टपणे ओळखली होती. खेड्यातल्या फटिकला शिक्षणासाठी मामाच्या घरी कलकत्त्यास नेले जाते. तेथे तो कोणालाच हवासा वाटत नाही, शाळेत तो मंद ठरतो, आणि सुट्टीची वाट पाहता पाहता तापाने अंथरुणाला खिळतो. त्याला सुट्टी मिळते ती मृत्यूच्या रूपाने. घर, शाळा, भीती आणि मोठे होणे हे चारही विषय त्या लहानशा कथेत एकत्र गुंफलेले आहेत.

तथापि, ‘छुटि’मध्ये फटिकची गोष्ट दुसरा कोणीतरी सांगतो. फटिकने ती स्वतः सांगितली असती तर तिचे स्वरूप काय झाले असते, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. मराठीत मात्र गेल्या नव्वद वर्षांत असे तीन प्रयत्न झाले आहेत की ज्यांत कुमारवयाचा मुलगा स्वतःच ‘मी’ म्हणून बोलतो. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५), प्रकाश नारायण संत यांच्या लंपनकथांचे ‘वनवास’ (१९९४) पासूनचे चार संग्रह आणि मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) ही कादंबरी, हे ते तीन प्रयत्न होत. या तिन्ही कृती लोकप्रिय आहेत आणि लोकप्रियतेमुळेच त्यांच्याविषयी एक सोपे मत रूढ झाले आहे. या कृती वाचकाला त्याच्या गेलेल्या दिवसांत परत नेतात, आणि तेच त्यांचे सामर्थ्य होय, असे ते मत आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू या मताची तपासणी करणे हा आहे. स्मरणाचा आनंद देणे हेच जर या लेखनाचे साध्य असेल, तर त्याची गणना रंजनात करून टीकाकाराने मोकळे व्हावे. परंतु त्यात अधिक काही असेल, तर ते कोठे आहे हे दाखवणे त्याचे कर्तव्य ठरते.

कुमारवयाच्या निवेदकाची मूळ अडचण अशी की, तो जे सांगतो त्याचा अर्थ त्याला पुरता कळलेला नसतो. तो ज्या लेखकाच्या लेखणीतून बोलतो त्या लेखकाला तो कळलेला असतो. या दोन जाणिवांमध्ये तीसचाळीस वर्षांचे अंतर असते. या अंतराचे लेखक काय करतो, यावर त्या कृतीचे मोल अवलंबून असते. वरील तीन लेखकांनी या अंतराचे तीन निरनिराळे उपयोग केले आहेत.

२

साने गुरुजींनी हे अंतर लपवण्याचा यत्किंचितही प्रयत्न केलेला नाही. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिलेल्या या पुस्तकातील श्याम हा प्रौढ श्याम आहे. तो आश्रमातल्या मित्रांना रात्रीमागून रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो. कथेतला मुलगा आणि कथा सांगणारा माणूस एकाच नावाचे असले तरी एकाच जाणिवेचे नाहीत. मुलगा चुकतो, भितो, रडतो. सांगणाऱ्याला मात्र त्या प्रत्येक प्रसंगाचे तात्पर्य ठाऊक असते.

श्यामच्या पोहण्याचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मुलगा पाण्याला भितो आणि घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर पाठवते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये ही तिची तळमळ त्या मारामागे असते, आणि ती तळमळ कळल्यावर श्यामचा राग निवतो. येथे भीती हा एक रोग आहे आणि आईची कठोर माया हे त्याचे औषध आहे. पुस्तकासाठी पैसे चोरण्याचा प्रसंगही असाच होय. खूप वाचावे, मोठे व्हावे या ध्यासाने मुलगा चोरी करतो, म्हणजे ग्रंथप्रेम आणि पाप यांचा एकाच क्षणी जन्म होतो. हा क्षण विलक्षण वाङ्मयीन शक्यतांचा आहे. पुस्तकाची भूक मुलाला सज्जन करतेच असे नाही, ती त्याला चोरही करू शकते, ही गोष्ट फार थोड्या लेखकांनी इतक्या उघडपणे सांगितली असेल. परंतु साने गुरुजी त्या क्षणी थांबत नाहीत. ते लगेच कबुलीकडे, आईच्या दुःखाकडे आणि क्षमेकडे वळतात.

हा दोष म्हणावा काय? ज्या ग्रंथाचा उद्देशच संस्काराची कथा सांगणे हा आहे, त्याला तात्पर्याबद्दल दोष देणे न्याय्य होणार नाही. शिवाय प्रौढ श्यामच्या स्वरात जो अपराधीपणा आहे तो तात्पर्यापेक्षा खोल आहे. ज्या आईचे ऋण फिटले नाही तिच्यापुढे तो पुन्हा पुन्हा कबुली देत राहतो. पुस्तकाचा चिरस्थायी भाग त्या अपराधीपणात आहे. मात्र कुमारवय स्वतः काय आहे, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळत नाही, कारण येथे ते वय ओलांडून जाण्याची एक पायरी म्हणूनच दिसते.

योगायोग असा की, त्याच १९३५ साली आर. के. नारायण यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातील स्वामीनाथनला शाळेची भीती आहे, वडिलांची भीती आहे आणि मैत्री तुटण्याची भीती तर सर्वांत मोठी आहे. पण नारायण त्यांपैकी एकाही भीतीवर उपचार करीत नाहीत. अखेरीस राजम निघून जातो, आगगाडी सुटते, आणि स्वामीला मित्राचे मन शेवटी आपल्याकडे वळले की नाही हे कळत नाही. एकाच वर्षी, एकाच देशात, एका लेखकाने मुलाच्या भीतीला औषध दिले आणि दुसऱ्याने ती तशीच राहू दिली. या दुसऱ्या वाटेने मराठी लेखकाला जायला पुढे जवळजवळ साठ वर्षे लागली.

३

प्रकाश नारायण संत हे भालचंद्र गोपाळ दीक्षित यांचे लेखननाम. त्यांचा जन्म १९३७ साली बेळगावात झाला. कवयित्री इंदिरा संत आणि ना. मा. संत यांचे ते चिरंजीव. पुढे कऱ्हाडच्या महाविद्यालयात त्यांनी भूशास्त्र शिकवले. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’ हे त्यांचे चार कथासंग्रह आणि चारांचा निवेदक एकच, लंपन. २००३ साली लेखकाचा मृत्यू झाला, तेव्हा लंपन अजून शाळेतच होता.

लंपन आईवडिलांपासून दूर, सीमाभागातल्या एका गावात आजीआजोबांजवळ राहतो. त्याच्यावर कोणी अन्याय केलेला नाही. आजीची माया उदंड आहे, मित्र आहेत, सुमी आहे, कणबर्गी गंग्यासारखा अजब सोबती आहे. असे असूनही पहिल्या संग्रहाला लेखकाने ‘वनवास’ हे नाव दिले. या एका नावाकडे ज्यांनी लक्ष दिले नाही त्यांनाच लंपनकथा केवळ गोड वाटल्या. वनवास हा शब्द मराठी माणसाच्या कानी पडला की त्यामागोमाग आज्ञा, वियोग आणि अवधी या तीन गोष्टी येतात. लंपनला आज्ञा दिसते, वियोग अंगाला जाणवतो, पण अवधी मात्र माहीत नाही. चौदा वर्षांचा करार रामाशी झाला होता, लंपनशी कोणी तसा करार केलेला नाही. आपण येथे का आहोत, हे तो क्वचितच विचारतो आणि त्याचे उत्तर तर जवळजवळ कधीच शोधत नाही. या न विचारण्यातच त्याच्या दुःखाचा आकार आहे.

संतांचे कौशल्य असे की, त्यांनी प्रौढ जाणीव कथेतून समूळ काढून घेतली आहे. लंपन भावनांची नावे फारशी जाणत नाही. त्याला पोटात काय होते, गळ्याशी काय येते, कोणता आवाज ऐकला की पाय जड होतात, हे तो सांगतो. ‘विरह’, ‘एकाकीपण’, ‘प्रेम’ हे शब्द वाचकाच्या पदरचे आहेत. सुमी जवळ असली की त्याचे जे काही होते ते सांगायला त्याच्यापाशी त्याचा लाडका ‘मॅड’ हा शब्द आहे, आणि आहेत शेकड्यांच्या व हजारांच्या घरातल्या भलत्याच नेमक्या संख्या. एखादी गोष्ट अमुकशे वेळा केली असे तो जेव्हा सांगतो, तेव्हा आपल्याला हसू येते. पण या संख्यांचे प्रयोजन केवळ विनोदाचे नाही. ज्याच्या आयुष्यातील मुख्य गोष्ट मोजता येत नाही, तो मुलगा बाकीच्या सगळ्या गोष्टी मोजतो आहे. गणिताच्या तासाला जी भाषा त्याला शिकवली तीच त्याने आपल्या मनाच्या कामाला लावली आहे. शाळेचा कुमारवयाशी असलेला खरा संबंध हा असा असतो. शाळा जे शिकवते ते मुलगा भलत्याच ठिकाणी वापरतो.

‘शारदा संगीत’ या कथेत हेच संगीताच्या बाबतीत घडते. गाण्याच्या शिकवणीभोवती फिरणारी ही कथा कलेच्या जन्माची कथा होय. स्वर ऐकताना लंपनचे जे होते ते आणि घरच्या आठवणीने जे होते ते, ही दोन एकाच जागेतून उठतात. हे लंपनला कळत नाही, वाचकाला मात्र कळते. प्रौढ श्यामने हे नाते एका वाक्यात समजावून सांगितले असते. संत ते सांगत नाहीत, आणि त्यांच्या या मौनामुळे लंपनचे दुःख त्याचेच राहते. कोणाच्या उपदेशाचे साहित्य होत नाही.

येथे ‘स्मरणरंजन’ या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. स्मरणरंजनात भूतकाळ सुरक्षित असतो. तो संपलेला आहे हे सांगणाऱ्याला ठाऊक असते, म्हणूनच त्याला तो गोड लागतो. लंपनकथांत भूतकाळ हा भूतकाळ झालेलाच नाही. पन्नाशी उलटल्यावर ज्या लेखकाचा पहिला कथासंग्रह निघतो आणि त्या संग्रहात जो एका शाळकरी मुलाच्या जाणिवेबाहेर एकही पाऊल टाकत नाही, त्याच्या लेखी तो मुलगा मोठा झालेला नाही असेच म्हणावे लागते. आठवणींत रमलेल्या माणसाचे हे लक्षण नव्हे. आठवण ज्याच्यासाठी संपत नाही, त्याचे ते आहे.

मात्र या लेखनाची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. चार संग्रह सलग वाचले असता लंपनच्या बोलण्यातील लकबी ओळखीच्या होतात आणि ओळखीच्या झालेल्या लकबींचा लळा लेखकालाही लागल्याची शंका येते. जी संख्या पहिल्या कथेत गरज होती, ती पुढे कोठे कोठे अलंकार होते. ज्या ठिकाणी मुलाचे दुःख पातळ होते तेथे त्याची भाषा अधिक नटते. हा दोष प्रत्येक कथेत नाही, आणि जेथे प्रसंग बळकट आहे तेथे तो जाणवतही नाही. परंतु लंपनच्या अनुकरणाने पुढे जे लिहिले जाईल त्याने प्रथम हा दोषच उचलण्याचा संभव आहे.

४

लंपनचा काळ विसाव्या शतकाच्या मध्याचा, तर ‘शाळा’चा काळ आणीबाणीचा आहे. नववीत शिकणारा मुकुंद जोशी, त्याचे मित्र सुऱ्या, चित्र्या आणि फावड्या, अर्धवट बांधलेली एक इमारत हा त्यांचा अड्डा, आणि शिरोडकर ही वर्गातली मुलगी. लंपन ज्याला नाव देत नाही त्याला मुकुंद आणि त्याचे मित्र नाव देतात, आणि ते नाव त्यांनी स्वतःच पाडलेले असते. ‘लाइन’ हा त्यांचा शब्द प्रौढांच्या कोशातला नाही. मोठ्यांची भाषा आपल्या कामाची नाही, हे ज्या वयात प्रथम कळते त्या वयाची ही परिभाषा आहे.

बोकिलांची निवड संतांपेक्षा निराळी आहे. त्यांनी मुलाच्या जाणिवेला बाहेरच्या जगाकडे एक खिडकी ठेवली आहे. आणीबाणी, अटका, मोठ्यांचे दबक्या आवाजातील बोलणे हे सारे मुकुंदच्या कानांवर पडते, पण त्याच्या मनाच्या मध्यभागी शिरोडकर असते. देशात भीती आहे आणि वर्गातही भीती आहे, आणि मुलाला दुसरीच अधिक खरी वाटते. या दोन भीतींना एकमेकींची रूपके करण्याचा मोह एखाद्या दुबळ्या लेखकाला आवरला नसता. बोकिलांनी त्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि तेथेच सोडल्या. नरूमामाच्या रूपाने मात्र मुकुंदला सर्व काही मोकळेपणाने बोलता येईल असा वडीलधारा त्यांनी दिला आहे. ही सोय थोडी अधिकच सोयीची वाटते. लंपनला असा मामा नाही, फटिकला मामा होता आणि तो असून नसल्यासारखा होता.

अखेर शिरोडकर गाव सोडून जाते आणि मुकुंदपुढे दहावीचे वर्ष उरते. स्वामीच्या मित्राप्रमाणे येथेही जाणारे जाते आणि राहणारा मोठा होतो. मोठे होणे म्हणजे काही मिळवणे, ही प्रौढांची समजूत होय. या तिन्ही कृतींत, आणि फटिक व स्वामी यांच्याही बाबतीत, मोठे होण्याची खूण म्हणजे कोणीतरी दूर जाणे ही आहे. श्यामची आई जाते, लंपनचे आईवडील आधीच दूर आहेत, शिरोडकर जाते.

५

येथवर आलेल्या नावांकडे पाहिले की एक उणीव लपत नाही. हे सारे मुलगे आहेत. सुमी आणि शिरोडकर यांना आपण लंपन व मुकुंद यांच्या डोळ्यांनी पाहतो. त्यांना शाळा कशी दिसत होती, भीती कशाची वाटत होती, हे या कथांना ठाऊक नाही. याचे कारण केवळ लेखक पुरुष असणे हे नव्हे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे पाहावे. १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचा विवाह १८८० साली झाला. म्हणजे ज्या वयात श्याम चोरून पुस्तके वाचण्याचे स्वप्न पाहतो त्या वयात त्या सासरी गेल्या होत्या. कुमारवय ही निसर्गाने दिलेली गोष्ट असली तरी तिला अवकाश देते ती शाळा. जिला शाळा मिळाली नाही तिला ही मधली वर्षेही मिळाली नाहीत. मराठीतील कुमारवयाचा इतिहास हा, म्हणूनच, शाळेच्या इतिहासाशी जोडून वाचावा लागतो.

कुमारवयीन मुलीने त्याच वयात लिहिलेल्या लेखनाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अर्थातच ॲन फ्रँकच्या रोजनिशीचे आहे. तेराव्या वाढदिवशी, १२ जून १९४२ रोजी मिळालेल्या वहीत तिने १ ऑगस्ट १९४४ पर्यंत लिहिले. पण १९४४ च्या वसंतात, युद्धकाळातील रोजनिश्या जपून ठेवण्याचे आवाहन नभोवाणीवर ऐकल्यानंतर, तिने आपले लेखन पुन्हा नव्याने लिहावयास घेतले होते. पंधराव्या वर्षाच्या आत ती तेराव्या वर्षाच्या ॲनची संपादक झाली. म्हणजे खुद्द कुमारवयीन लेखिकेच्या बाबतीतही लिहिणारी आणि लिहिली जाणारी यांत अंतर पडलेच. तेव्हा लंपनचा आवाज प्रौढाने रचलेला आहे म्हणून तो कमी खरा, या आक्षेपात फारसे तथ्य नाही. हे अंतर अटळ आहे. ते प्रामाणिकपणे वापरले गेले किंवा नाही, एवढेच विचारता येते.

६

शेवटी या लेखनाचा एक प्रश्न मराठीच्या सीमेबाहेरील वाचकांसाठी मांडला पाहिजे. लंपनची मराठी ही कानडीच्या शेजारात वाढलेली मराठी आहे. हेल, उद्गार, नावे, शिव्या आणि माया या सर्वांत कानडी मिसळलेली आहे. ही कथा हिंदीत न्यायची झाली तर त्या कानडीचे काय करावे?

छत्तीसगडातील मराठी वाचकाला हा प्रश्न विशेष जवळचा वाटेल. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून त्या प्रदेशात मराठी घरे आहेत, आणि १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर ही एकाच प्रांतातील गावे होती. रायपूरजवळच्या अभनपूरसारख्या गावातल्या मराठी घरातील तेरा वर्षांचे मूल घरात मराठी, वर्गात हिंदी आणि मैदानावर छत्तीसगढी बोलते. लंपनच्या वाट्याला आलेला भाषांचा गलबला त्याला समजावून सांगावा लागणार नाही. या साम्यामुळे एक मोह असा होतो की, हिंदी अनुवादात कानडीच्या जागी छत्तीसगढी घालावी. हा उपाय वरवर सुंदर, पण मुळात चुकीचा आहे. छत्तीसगढी ही हिंदीच्या कुळातली, पण प्रतिष्ठेत तिच्याखाली बसवलेली भाषा आहे. कानडी ही मराठीच्या कुळाबाहेरची, स्वतःचे थोर वाङ्मय असलेली, बरोबरीची शेजारीण आहे. छत्तीसगढी घातली की लंपनच्या बोलण्यातील परकेपणाचा आपलेपणा जाऊन तेथे खेड्याचा रंग येईल. कानडी कानडीच ठेवावी आणि वाचकाला लंपनइतकेच चाचपडू द्यावे, हे अधिक योग्य.

रायपुरात शिकलेल्या माधवराव सप्रे यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. विचारग्रंथ सीमा ओलांडतात, कारण त्यांची परिभाषा दोन्हीकडे तयार असते. मुलाच्या तोंडचा ‘मॅड’ मात्र अडतो. त्याला परिभाषा नाही, त्याला फक्त स्वर आहे. मुक्तिबोध बंधूंची आठवण येथे अप्रस्तुत होणार नाही. एकाच घरात वाढलेल्या दोघांपैकी गजानन माधव हिंदीचे कवी झाले आणि १९५८ पासून राजनांदगावी त्यांनी अध्यापन केले. शरच्चंद्र मराठीचे कवी आणि कादंबरीकार झाले. शरच्चंद्रांच्या ‘क्षिप्रा’ (१९५४) पासून सुरू होणाऱ्या तीन कादंबऱ्यांतील बिशूच्या घडणीची कहाणी ही महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलाचीच कहाणी होय. मराठीतील मुख्य प्रवाहाच्या टीकेने तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. बेळगावचा लंपन आणि उज्जयिनीच्या नदीकाठचा बिशू हे दोघेही काठावरचे आहेत, हा केवळ योगायोग मानता येत नाही. ज्याची भाषा घराच्या उंबऱ्यापाशी बदलते त्या मुलाला, आपण आणि जग एक नाही, हे लवकर कळते. कुमारवयाची सुरुवात याच ज्ञानाने होते.

लंपनकथांवर २०२४ साली चित्रमालिका निघाली, ‘शाळा’वर त्याआधीच चित्रपट निघाला होता. या कृतींचा वाचकवर्ग वाढतो आहे ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु वाचक वाढला म्हणून वाचन खोल झाले असे होत नाही. लंपनला गोंडस म्हणून मिठी मारणारा वाचक आणि फटिकला कटकट म्हणून दूर लोटणारी मामी यांच्यात दिसते त्याहून कमी अंतर आहे. दोघांनाही त्या मुलाला काय वाटते हे ऐकून घ्यायचे नसते. साने गुरुजींनी त्याला क्षमा केली, बोकिलांनी त्याला मित्र दिले. संतांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी त्याचे बोलणे मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकले, आणि टीकेनेही आता निदान तेवढे करावे.